ताई कोर्ससाठी आली आहे

मागच्या महिन्यात ताईला घेऊन ‘कन्यादान’च्या अभिवाचनाला गेलो होतो. शनिवार पेठेतली छोटी जागा, कॉलेजची पाच मुलं, समोर स्टँडवर कागद ठेवलेले, बाकी काही नाही. तिकीट काढताना मी जरा घुटमळलो होतो, कारण मला नाटक माहीत होतं आणि ताईला माहीत नव्हतं, म्हणजे तेंडुलकरांचं आहे एवढं माहीत होतं, पण आत काय आहे ते तिने कधी वाचलं नव्हतं. फोन केला तर म्हणाली, बाबांना आठला जेवायला लागतं, त्याच्या आत घरी पोचणार असू तर येते.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८३ साली रंगमंचावर आलेलं नाटक. नाथ देवळालीकर हा समाजवादी आमदार, आयुष्यभर चळवळीत, सभा, दौरे, एसटीचे प्रवास. बायको सेवा, तीही कार्यकर्ती. मुलाचं नाव जयप्रकाश, यावरूनच घर कळतं. मुलगी ज्योती एक दिवस येऊन सांगते की मी अरुण आठवले नावाच्या दलित कवीशी लग्न करतेय. आई आणि भाऊ घाबरतात, त्या मुलाचं वागणं त्यांना खटकतं, पण नाथ मात्र हरखून जातो. जात मोडा असं आयुष्यभर व्यासपीठावरून सांगितलं, आज ते माझ्या घरात घडतंय. लग्न होतं. अरुण तिला मारतो. ती एकदा घर सोडून येते, तो दारू पिऊन मागोमाग येतो, रडतो, माफी मागतो, ती परत जाते. आणि नाथला वाटत राहतं की हे लग्न मोडता कामा नये. मुलगी मोडली तर काय, हे तो स्वतःला विचारत नाही असं नाही, पण आधी लग्नाचं विचारतो. पुढे अरुणचं आत्मचरित्र गाजतं, त्यावरच्या सभेचं अध्यक्षपद नाथला देऊ करतात, तोपर्यंत नाथला कळलेलं असतं की पोटुशी असलेल्या आपल्या मुलीला या माणसाने लाथ मारली आहे. तो आधी नाही म्हणतो. मग सेवा समजावते, की नाही गेलात तर तिकडे पोरीलाच त्रास होईल, आणि तो जातो, आणि पुस्तकाची तोंड भरून स्तुती करून येतो.

आणि ते भाषण ज्योतीने ऐकलेलं असतं.

या नाटकावर टीकाही खूप झाली, दलित तरुणाला असं का रंगवलं म्हणून, आणि ती टीका बाजूला सारण्यासारखी नाही असं मला मनापासून वाटतं. कारण मारणारा हात कुठल्याही घरात असतो. आमच्या घरात जो आला तो पत्रिका जुळवून आणलेला, आमच्याच जातीचा, शिकलेल्या घरचा, आईवडील दोघं शिक्षक. त्यामुळे मी जेव्हा जेव्हा हे नाटक वाचतो तेव्हा अरुणवर फार थांबत नाही. मी नाथवर थांबतो.

आपल्याकडे नाटकात वाईट बाप काही कमी नाहीत. ‘शारदे’तला कांचनभट घ्या, १८९९ चं नाटक, पैशासाठी पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप. त्याचा राग येणं सोपं आहे. लोभ लगेच दिसतो, दरवाजातून आत आला की कळतं हा लोभी आहे. पण नाव जपणारा बाप दिसत नाही हो. तो चांगला असतो, लोक त्याच्याकडे सल्ला मागायला येतात, तो कुणाचा पैसा खात नाही, त्याचं स्वतःचं असं काही नसतंच, फक्त नाव असतं, आणि ते त्याने इतक्या कष्टाने कमावलेलं असतं की ते जपणं हे त्याला स्वार्थ वाटतच नाही, कर्तव्य वाटतं. नाथ असा आहे. माझे बाबा असे होते, म्हणजे आहेत.

बाबा सदाशिव पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवायचे. आम्ही वाड्यात राहायचो, दोन खोल्या आणि पुढे पडवी, आणि त्या पडवीत रविवारी सकाळी माणसं येऊन बसायची. कारण बाबांकडे एक वही होती. स्थळांची वही. लांबडी, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. ओळखीतल्या, विद्यार्थ्यांच्या, विद्यार्थ्यांच्या बहिणींच्या पत्रिकांची टिपणं त्यात असायची, उंची, शिक्षण, गोत्र, नाडी, शेवटी बाबांचा बारीक अक्षरातला शेरा. कोणाकडून एक पैसा घेतला नाही कधी. अकरा लग्नं जमवली त्यांनी आणि अकराच्या अकरा टिकली. ‘सरांनी सांगितलंय ना, मग चौकशी नको’ असं लोक म्हणायचे, मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि लहानपणी मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा.

ताईचं लग्न बारावं. मे १९९३. मुलगा साताऱ्याचा, बाबांच्या जुन्या मित्राचा पुतण्या. कन्यादानाच्या वेळी आईने पाण्याची धार धरली, बाबांच्या ओंजळीतून पाणी खाली गेलं, तेव्हा बाबा रडले होते, ते खरं रडणं होतं, त्यात मला आजही शंका नाही. मी अठरा वर्षांचा. लाजाहोमात मी ताईच्या ओंजळीत लाह्या घातल्या, मग मला कानपिळीला पुढे ढकललं, मी त्याचा कान पिळला, सगळे हसले, मला पँटपीस मिळाला. कान पिळतात तो कशासाठी, तर माझ्या बहिणीला नीट सांभाळ हे सांगायला. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी काय केलं असतं ते पुढे दिसलंच.

पहिली दिवाळी, दिवाळसण, थाटात झाली. दुसऱ्या दिवाळीला, म्हणजे १९९४ ला, ताई एकटीच आली, चार दिवस आधी, स्वारगेटवरून पीएमटीने, एक मोठी बॅग घेऊन. बॅग बघून मला वाटलं फराळाचं काही आणलं असेल. नरक चतुर्दशीला पहाटे आई तिला तेल लावायला बसली. मी पडवीत पणत्या लावत होतो, दार उघडंच होतं. आईचा हात ताईच्या पाठीवर थांबला. बराच वेळ थांबला. मग आईने परत तेल घेतलं आणि लावायला लागली, हळू, फार हळू, आणि दोघीही काही बोलल्या नाहीत. मग उटणं लावलं. बाहेर फटाके सुरू झाले होते.

त्या रात्री बाबांशी बोलणं झालं. ओरडाआरडा झाली नाही, आमच्या घरात आवाज चढायचाच नाही. ताई म्हणाली मला परत जायचं नाहीये. बाबा खूप वेळ गप्प बसले, मग म्हणाले, त्याचा काका माझा तीस वर्षांचा मित्र आहे, मी बोलतो त्याच्याशी, सगळं ठीक होईल, पण आत्ता दिवाळीत तू इथे राहिलीस तर येणारे-जाणारे विचारतील, पाडव्याला माणसं येणार, मी त्यांना काय सांगू? एवढंच. ‘मी काय सांगू.’ पुढच्या चार-पाच दिवसांत हे वाक्य त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेने किती वेळा म्हटलं असेल. ते कठोरपणे म्हणत नव्हते, अगदी अजिजीने म्हणत होते, जणू ताईनेच त्यांना एखादं उत्तर द्यावं जे ते रविवारी पडवीतल्या माणसांना देऊ शकतील. आणि वहीत तेव्हा त्याच साताऱ्याच्या घरातल्या दुसऱ्या मुलासाठी एक बोलणं चालू होतं, बाबांच्या मध्यस्थीने, ते मला नंतर कळलं.

भाऊबीजेला ताईने मला ओवाळलं. मी ताटात एक्कावन्न रुपये टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची बजाज काढली, ताईची बॅग पुढे पायाशी ठेवली, तिला मागे बसवली आणि स्वारगेटला नेऊन साताऱ्याच्या गाडीत बसवून आलो. रुमाल टाकून खिडकीची जागा धरून दिली होती, त्याचं तेव्हा समाधान वाटलं होतं मला. गाडी सुटताना ती म्हणाली, जा आता, तुझं कॉलेज असेल. सुट्टी होती कॉलेजला.

हे मी आत्तापर्यंत कुठे लिहिलेलं नाही. बाबांबद्दल मनात पुष्कळ राग धरला, पण स्कूटर मी चालवत होतो.

कायद्याचं म्हणाल तर ज्या १९८३ साली हे नाटक आलं त्याच वर्षी ४९८ अ कलम आलं, नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेली क्रूरता हा गुन्हा ठरला. म्हणजे ताईच्या वेळेला कायदा अकरा वर्षांचा होता. घरगुती हिंसाचाराचा वेगळा कायदा २००५ चा, अंमलात आला २००६ ला, तोपर्यंत आमचं सगळं होऊन गेलं होतं. ‘मिळून साऱ्याजणी’ हे बायकांचं मासिक पुण्यातूनच १९८९ ला सुरू झालेलं, आमच्या शेजारच्या काकू घ्यायच्या आणि आई त्यांच्याकडून आणून वाचायची. माहिती नव्हती असं नाही. आमच्या वाड्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर मदत करणाऱ्या बायका बसत होत्या या शहरात. पण तिथे जायचं तर आधी घरातून बाहेर पडून कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि सांगायचं नाही हेच तर घरात ठरलं होतं.

ताई कायमची परत आली ती १९९६ च्या पावसाळ्यात. यावेळी बाबांनी जा म्हटलं नाही. हात मोडला होता तिचा, प्लास्टर होतं, ते लपवण्यासारखं नव्हतं. त्यांनी स्वतः तिला दवाखान्यात नेलं, आणलं, वकील शोधला, फॅमिली कोर्टाच्या तारखांना तिच्याबरोबर जाऊन बसले, हेही लिहायला हवं, नाहीतर मी त्यांच्यावर अन्याय करेन. पण बाहेर? बाहेर कोणी विचारलं की ते म्हणायचे, ‘कोर्ससाठी आली आहे.’ पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा मला वाटलं वेळ मारून नेली. मग कळलं की हेच सगळ्यांना सांगितलंय, वाड्यात, शाळेत, नातेवाईकांत. लोक पुढचं विचारायला लागले, कसला कोर्स, किती वर्षांचा, कुठे. आणि मग एके दिवशी ताईने खरोखर जाऊन बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सला नाव घातलं. मला म्हणाली, बाबा खोटे पडतील रे. पुढची जवळजवळ वीस वर्षं तिने बालवाडी चालवली, फार छान चालवली, मुलं अजून रस्त्यात हाक मारतात. पण तिला वनस्पतिशास्त्रात पुढे शिकायचं होतं, बीएस्सीला तिला त्या विषयात कॉलेजात दुसरा नंबर होता, ते सगळं बाबांच्या त्या एका शब्दात कुठे गेलं ते कोणाला कळलंच नाही.

नाथच्या भाषणाकडे मी याच्यामुळे बघतो. नाटकातली मारहाण आपल्याला रंगमंचावर फारशी दिसतसुद्धा नाही, ती ज्योतीच्या चालण्या-बोलण्यातून कळते. आपल्याला दिसतो तो बाप, जो एका सभेत जाऊन खोटं बोलून आलाय. आणि ज्योती त्याला धरते ती नेमकी तिथे. तिचा राग हा नाही की तुम्ही मला वाचवलं नाहीत. तुम्ही तिथे उभं राहून जे बोललात ते तुम्हाला स्वतःला पटत नव्हतं, आणि तरी बोललात, याचा तो राग आहे. लहानपणापासून ज्याच्या शब्दावर ती वाढली, ज्याच्या शब्दावर तिने हे लग्न केलं, त्या माणसाचा शब्द खोटा निघाला. आता तिने उभं कुठे राहायचं? बाप चारचौघांत जे बोलतो त्या बोलण्यात मुलीला राहायला लागतं, खोलीत राहावं तसं. नाथने सभेत एक सुंदर खोली बांधून दिली आणि ज्योतीला त्यातच परत जायचं आहे.

तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’मधली गौरी यापेक्षा उघड आहे. तेही याच पुण्याचं, १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग, ज्या पेठांमध्ये आम्ही वाढलो त्याच पेठांची गोष्ट. तिथे घाशीराम पुण्यात अपमान झाला म्हणून पेटतो आणि कोतवाली मिळवायला स्वतःची मुलगी नाना फडणवीसापुढे करतो. सौदा आहे तो, तो स्वतः कबूल करतो. मला त्या सौद्यापेक्षा त्याच्या नंतरचा प्रसंग जास्त छळतो. गौरी मेल्याचं कळतं, घाशीराम नानावर धावून जातो, आता हा नानाला फाडणार असं वाटतं, आणि नाना गोड बोलून त्याला शांत करतो, आणि घाशीराम परत कोतवाल म्हणून कामाला लागतो, आधीपेक्षा क्रूर होऊन. भरतमध्ये पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बावीस-तेवीसचा होतो, मागच्या रांगेत बसलो होतो, आणि माझ्या डोक्यात सारखं एकच येत होतं की घरी बाबा सोमवारी सकाळी साडेसहाला नेहमीसारखे शाळेत गेले होते. ताई साताऱ्याच्या गाडीत बसली त्याच्या पुढच्या सोमवारी. डबा घेऊन. नववीला भूमिती शिकवायला.

तर अभिवाचन संपलं. शेवटी ज्योती जाते, ती आता देवळालीकर राहिली नाही, आठवले आहे, असं सांगून जाते, तिथे वाचणाऱ्या मुलीचा आवाज फाटला आणि मला ते फार लागलं. बाहेर आलो. ताईकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. रस्त्यावर ट्रॅफिक तुंबलेलं, ओंकारेश्वरापर्यंत चालत आलो तरी ती काही बोलली नाही. शेवटी मीच सुरू केलं, नाथला शिव्या घालायला लागलो, ढोंगी आहे, भेकड आहे, असं बरंच काही, खरं तर मी कोणाबद्दल बोलतोय ते आम्हा दोघांनाही कळत होतं. ती ऐकत राहिली. मग पुलाच्या कठड्यापाशी थांबून म्हणाली,

‘अरे पण तो आधी नाही म्हणाला होता.’

मला कळेना. म्हणलं, कशाला?

‘सभेला जायला. आधी नाही म्हणाला ना तो. तिने ते ऐकायला हवं होतं. भाषणच ऐकलं तिने फक्त.’

आणि मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘आपल्याकडे कुणी नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं. आईनेही नाही. तूही नाही.’ हे ती रागाने म्हणाली नाही, आरोप म्हणूनही नाही, आज भाजी काय आहे ते सांगावं तशी म्हणाली, आणि रिक्षा थांबवली, कारण पावणेआठ झाले होते.

तिला सोडायला मी वरपर्यंत गेलो. पण त्या आधी हे पण सांगून टाकतो, कारण ते डोक्यातून जात नाहीये. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे होती. नोव्हेंबरमध्ये तिने कॉलेजला जाणं बंद केलं. झोपत नव्हती, रडायची, आम्ही डॉक्टरांकडे नेलं, औषधं चालू आहेत, आता बरी आहे पुष्कळ. डिसेंबरात एका लग्नात माझ्या ऑफिसमधल्या माणसाने विचारलं, काय म्हणतंय इंजिनिअरिंग, आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, ‘गॅप घेतलाय तिने, एक्झाम्सची तयारी करतेय.’ ती शेजारीच उभी होती, हातात आईसक्रीमची वाटी. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चार दिवसांनी तिच्या टेबलवर स्पर्धा परीक्षेचं एक जाडं पुस्तक दिसलं. नवीन कोरं. मी तिच्या खोलीच्या दारात किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. मग आत गेलो आणि म्हणलं, हे परत देऊन येऊ आपण दुकानात. ती म्हणाली, पण मग तू लोकांना काय सांगशील? अगदी तेच वाक्य, एकोणतीस-तीस वर्षांनी, माझ्याच पोरीच्या तोंडून, माझ्या काळजीपोटी. मी म्हणलं, आजारी होती, आता बरी होतेय, असं सांगीन. आत्तापर्यंत तिघांना सांगितलंय. दर वेळी घसा कोरडा पडतो, हे खरं आहे. बाबांना त्या पाडव्याला काय झालं असेल ते थोडं कळतं मला आता, पण कळतं म्हणून त्यांचं बरोबर होतं असं मला कधीच वाटणार नाही.

वाडा केव्हाच पाडला, तिथेच बिल्डिंग झाली, दुसऱ्या मजल्यावर बाबा आणि ताई राहतात. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. बाबा शहाऐंशी वर्षांचे आहेत, कान जरा गेलाय पण स्मरणशक्ती लख्ख, १९६८ च्या पहिल्या बॅचचे हजेरी क्रमांक अजून सांगतात, लाइट बिलाची तारीख चुकू देत नाहीत. गुडघ्याच्या व्यायामासाठी एक तरुण मुलगा येतो त्यांच्याकडे, नवीनच लागलाय. आम्ही पोचलो तेव्हा तो आवरून निघतच होता. ताईने चपला काढल्या, आत जाऊन गॅसवर भात ठेवला, बाहेर येऊन बाबांची आठवड्याच्या गोळ्यांची डबी भरायला बसली.

त्या मुलाने बॅग खांद्याला लावता लावता सहज विचारलं, ‘आजोबा, या ताई तुमच्याकडेच असतात का?’

बाबांनी मान हलवली. ‘माझी मोठी मुलगी,’ म्हणाले, आणि मग पुढचं आपोआप आलं, काही विचार न करता, जसं पाढ्यात पुढचं येतं. ‘कोर्ससाठी आली आहे.’

मुलगा बरं म्हणून गेला. ताईने मान वर केली नाही. मंगळवारच्या खणापर्यंत आली होती ती. बुधवारचा उघडला, बीपीची अर्धी गोळी तोडली, आत टाकली.

मी म्हणालो, ‘बाबा, ती कोर्ससाठी नाही आलेली.’

त्यांनी कानामागे हात नेला. मी जवळ जाऊन परत म्हणालो, मोठ्याने.